ग्राहकाचा फॉर्म, प्लेटरचा हौद आणि मधले आपण

पर्चेस ऑर्डरच्या मेलला पूर्वी दोनच गोष्टी जोडलेल्या असायच्या: ड्रॉइंग आणि अटी. आता तिसरी येते. पुरवठादाराच्या पर्यावरणविषयक माहितीची एक्सेल फाइल, चार-पाच टॅब, साठ-सत्तर प्रश्न. वर्षाला वीज किती युनिट, डिझेल किती लिटर, पाणी किती, घातक कचरा किती निघाला आणि कुणाला दिला, पॅकिंग परत वापरता का. शेवटच्या टॅबमध्ये एक प्रश्न हमखास असतो: तुम्ही तुमच्या पुरवठादारांना हेच विचारता का?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत आमच्यासारखी, धातूचे सुटे भाग बनवणारी मशिन शॉप्स पुष्कळ आहेत. सहा सीएनसी (संगणकावर चालणारे लेथ), दोन व्हीएमसी (उभी मिलिंग मशिनं), एक बँडसॉ (बार कापायची पट्टी-करवत), एक स्क्रू कॉम्प्रेसर आणि पंचवीस-तीस माणसं. अशा ठिकाणी ही फाइल उघडणारा माणूस एकच असतो. तोच क्वालिटी बघतो, तोच डिस्पॅच करतो, आणि जीएसटीची नोटीस आली की तिलाही तोच उत्तर देतो. पहिल्या वर्षी सगळेच फाइल अंदाजाने भरतात. दुसऱ्या वर्षी ग्राहकाचा ऑडिटर येऊन बिलं मागतो, तेव्हा खरं काम सुरू होतं. त्या कामात काय करावं लागतं, कुठे अडतं आणि त्यातलं पुढे काय टिकतं, ते इथे मांडतो.

छोट्या कंपन्या या वाटेला का लागतात, याची उत्तरं कायदा, ग्राहक, खर्च आणि नाव अशी दिली जातात. शॉप फ्लोअरवर चारही सारख्या वजनाची नसतात. सुरुवात जवळजवळ नेहमी ग्राहक करून देतो. पुढे ज्या बदलाने जागा, माल किंवा वेळ वाचतो तेवढाच चालू राहतो, बाकीचं फाइलपुरतं. कायदा बऱ्याचदा आपल्या दारापर्यंत पोचतच नाही. प्लास्टिक पॅकेजिंगच्या ईपीआरचंच, म्हणजे वापरून झालेलं प्लास्टिक परत गोळा करण्याच्या उत्पादकाच्या जबाबदारीचंच, बघा. २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांत ब्रँड ओनर म्हणून येणाऱ्या जबाबदारीतून सूक्ष्म आणि लघु उद्योग वगळलेले आहेत. तरी ग्राहकाच्या फाइलमध्ये ईपीआरचा रकाना असतोच. तो रिकामा सोडला तर फाइल परत येते. तिथे "लागू नाही" लिहून उद्यम प्रमाणपत्राची (लघुउद्योग नोंदणीची) प्रत जोडावी.

फाइल वरून कुठून घसरत येते, हे माहीत असलं की चिडचिड कमी होते. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३पासून बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) अहवाल बंधनकारक केला. २०२३मध्ये त्यातल्या मोजक्या निकषांचं बीआरएसआर कोअर आलं आणि पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या पुरवठा साखळीचीही माहिती द्यावी असं ठरलं. नंतर ते पुढे ढकललं गेलं, ऐच्छिक झालं, आणि ज्यांचा खरेदी-विक्रीतला वाटा २ टक्के किंवा जास्त आहे अशा भागीदारांपुरतं राहिलं. मोठ्या कंपनीच्या खरेदीत आमच्यासारख्याचा वाटा २ टक्के कुठला असायला! म्हणजे नियमाच्या अक्षराप्रमाणे आमची माहिती कुणालाच नको आहे. पण पर्चेस डिपार्टमेंट व्हेंडर लिस्ट चाळत बसत नाही, एकच टेम्प्लेट सगळ्यांना पाठवतं. ज्याचं उत्तर येत नाही त्याच्या नावापुढे लाल खूण पडते, आणि पुढच्या आरएफक्यूच्या (भाव मागवण्याच्या) वेळी ती खूण दिसते. नकार कुणी तोंडावर देत नाही. चौकशी यायची थांबते, एवढंच.

दुसरा दाब युरोपकडून येतो. सीबॅम, म्हणजे सीमेवरचा कार्बन कर. १ ऑक्टोबर २०२३पासून त्यात नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६पासून तो पैशाचा झाला. लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज त्यात येतात. पोलादात बोल्ट-स्क्रूसुद्धा येतात, हे पुष्कळांना उशिरा कळलं. युरोपातला आयातदार वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणत असेल तर त्याला सूट आहे. पण तो आयातदार अशा दहा पुरवठादारांकडून घेत असतो, त्यामुळे आपला माल पाच टनांचा आहे म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही.

आता आकड्यांचं. पहिलं काम म्हणजे बारा महिन्यांची एमजीव्हीसीएलची (इथल्या वीज कंपनीची) बिलं एका फाइलमध्ये लावणं. युनिटचा आकडा बिलातूनच घ्यायचा, रुपयांवरून मागे मोजत बसायचं नाही. रुपयांत फिक्स्ड चार्ज आणि इंधन अधिभार मिसळलेला असतो. डिझेलसाठी जनरेटरची लॉगबुक आणि टेम्पोच्या पंपाच्या पावत्या. पोलादासाठी खरेदीची बिलं, टनांत. स्क्रॅपसाठी वजनकाट्याच्या चिठ्ठ्या, आणि स्क्रॅपच्या चिठ्ठीवर ग्रेड लिहिलेला नसेल तर आजपासून लिहायला लावा.

मग गुणाकार. भारतीय ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण ०.७३ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दर वर्षी नव्याने काढतं, म्हणून कोणत्या वर्षाचा घेतला ते फाइलमध्ये लिहावं. डिझेलला लिटरमागे २.६८ किलो. पोलादाला भारतात सरासरी टनामागे सुमारे २.५ टन. महिन्याला साडेनऊ हजार युनिट वीज, वर्षाला दीड हजार लिटर डिझेल आणि १८० टन बार एवढा वापर असलेलं शॉप धरा. वीज ८३ टन, डिझेल ४ टन आणि पोलाद ४५० टन. हा हिशेब एकदा समोर आला की बाकीच्या सगळ्या चर्चेचं तोंड फिरतं. एलईडी दिवे, सोलर, झाडं या गोष्टी ८३च्या खात्यात मोडतात. ४५०चं खातं बँडसॉपासून सुरू होतं.

म्हणून थोडं बँडसॉपाशी थांबतो. ४० मिमी व्यासाच्या बारमधून १२० मिमी लांबीचा पार्ट करायचा आहे. बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंना तीन-तीन मिमी फेसिंगला (टोक सपाट करायला) सोडून १२६चा तुकडा कापतात. सहा मीटरच्या बारचं वाकडं टोक १५ मिमी उडवलं की ५,९८५ उरले. ब्लेडची फाट १.६ मिमी. ४६ तुकडे निघतात आणि ११५ मिमीचा एक ठोकळा भंगारात जातो. तोच तुकडा १२३चा केला, तर त्याच बारमधून ४८ निघतात. वजनाचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं, डी स्क्वेअर भागिले १६२: मीटरला ९.८८ किलो, बारला ५९ किलो. दोन तुकडे जास्त म्हणजे चार टक्के माल वाचला. सगळं काम असं नसतं, हे उघड आहे. निम्म्या मालावर जरी एवढं मिळालं तरी वर्षाला साडेतीन टन पोलाद कमी विकत घ्यावं लागतं आणि फाइलमध्ये ९ टन कार्बन कमी होतो.

मग आधी तीन मिमी का सोडत होते? कारण कट तिरका जातो. बँडसॉच्या ब्लेडला ताण कमी असला, गाइडचे बेअरिंग झिजले, किंवा एका बाजूचे दात बोथट झाले की ब्लेड एकीकडे ओढतं आणि ४० मिमीच्या खोलीत दीड-दोन मिमीचा तिरकेपणा येतो. ऑपरेटर त्यावर उपाय म्हणून अलाउन्स वाढवतो, आणि तो अलाउन्स कायमचा होतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी गाइड बदलायचे, टेन्शन मीटरने ताण बघायचा, गुण्या लावून दहा कट तपासायचे, आणि मगच प्रोग्रॅममधली लांबी कमी करायची. उलट केलं तर फेसिंगमध्ये काळा डाग राहिलेले पार्ट निघतात आणि लोक म्हणतात, बघा, पर्यावरणापायी रिजेक्शन वाढलं.

चिप्सचंही, म्हणजे कातकामात निघणाऱ्या किसाचंही, तसंच. ईएन-८ पोलाद, एसएस-३०४ स्टेनलेस आणि पितळ एकाच पिंपात गेलं की भंगारवाला सगळ्याला लोखंडाचा भाव देतो, आणि त्याची काही चूक नाही. तीन रंगांची तीन पिंपं, मशिन बदलताना पिंपही बदलायचं, एवढ्यावर भागतं. ओल्या चिप्स जाळीच्या तळाच्या ट्रॉलीत एक दिवस निथळत ठेवल्या तर खाली पिपात कूलंट (कापताना सोडायचं तेल-पाण्याचं मिश्रण) परत मिळतं, आणि "मालमां पाणी छे" म्हणून काट्यावर होणारी कपातही थांबते.

सोलरबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण यात पुष्कळांची फसगत होते. पत्र्याच्या शेडवर २५ किलोवॅट लावलं तर गुजरातच्या उन्हात वर्षाला साधारण ३६ हजार युनिट निघतात, म्हणजे फाइलमध्ये २६ टन कमी. बिलात पैसेही वाचतात, लावावंच. पण पोलादाच्या मालाला सीबॅममध्ये विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन मोजतच नाहीत, तिथे फक्त थेट उत्सर्जन धरतात. मशीनिंग करणाऱ्याच्या पार्टमधला जवळजवळ सगळा कार्बन बारबरोबर गिरणीतून आलेला असतो. त्यामुळे युरोपच्या ग्राहकाला सोलरचा फोटो पाठवून उपयोग नाही. त्याला बार कुठल्या गिरणीतला, ब्लास्ट फर्नेसचा की स्क्रॅप वितळवून केलेला, हे हवं असतं. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४मध्ये ग्रीन स्टीलची व्याख्या केली: तयार पोलादाला टनामागे २.२ टनांच्या आत, आणि १.६च्या खाली असेल तर पाच तारे. कागदावर छान आहे. पण आपण बार घेतो तो ट्रेडरकडून. त्याच्याकडे मिळतं ते टेस्ट सर्टिफिकेट. त्यात हीट नंबर (पोलाद वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक), कार्बन, मँगेनीज असतं, उत्सर्जनाचा आकडा नसतो. कधीकधी दोन हीटचे बार एकाच बंडलात येतात. करता येतं ते इतकंच: हीट नंबर इनवर्डच्या (आवकेच्या) रजिस्टरमध्ये पार्ट नंबरशी जोडून ठेवायचा आणि गिरणीचं नाव ट्रेडरकडून लेखी घ्यायचं. पुढे गिरणीने आकडा जाहीर केला तर तो लावता येतो. आकडाच नसेल तर आयातदाराला ठरावीक डीफॉल्ट मूल्य लावावं लागतं, आणि ते सहसा आपल्याला जड पडतं.

पॅकिंग हा त्यातल्या त्यात लवकर फळ देणारा भाग, पण यातच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पूर्वीची पद्धत म्हणजे पुठ्ठ्याचा खोका, आत व्हीसीआय पिशवी (गंज रोखणारी वाफ सोडणारी), कोपऱ्यांत थर्मोकोल, बाहेरून लाकडी पेटी. सावली-मंजुसर किंवा हालोलला जाणाऱ्या मालासाठी हे सगळं तासाभराच्या प्रवासापुरतं वापरून फेकलं जातं. त्याजागी ६०० बाय ४०० मिमीचे प्लास्टिक क्रेट आणि आत खाचांचे ट्रे. क्रेट किती घ्यायचे, इथेच पहिली चूक होते. रोज २४ क्रेट जातात म्हणून लोक पन्नास घेतात. फेरा मोजायला हवा: आपल्याकडे भरून एक दिवस, रस्त्यात एक, ग्राहकाच्या स्टोअरमध्ये चार, लाइनवर एक, रिकामे होऊन परतीच्या गाडीची वाट बघत तीन. दहा दिवस गुणिले २४, म्हणजे २४०, वर पंधरा टक्के तुटफूट आणि हरवलेले धरून २७५च्या आसपास. पन्नास क्रेट तिसऱ्या दिवशी संपतात, माल पुन्हा पुठ्ठ्यात जायला लागतो, आणि सहा महिन्यांनी क्रेटमध्ये ग्राहकाचे लोक हातमोजे आणि चहाचे कप ठेवताना दिसतात.

क्रेट परत यायला हवे असतील तर रंग वेगळा घ्या, नाव मोल्डमध्ये उठवून घ्या. स्टिकर धुण्यात निघतो. प्रत्येक डिलिव्हरी चलानवर गेलेले आणि आलेले क्रेट लिहून गेटवर सही घ्या. रिकामे क्रेट विक्री नसून परतीचा माल आहे, म्हणून तो चलानवर "परत येणार" असं लिहून पाठवायचा. एका खेपेच्या मालाची किंमत ५० हजारांच्या वर गेली की ई-वे बिल लागतं. पाचशे रुपयांचा एक धरला तर शंभर क्रेट म्हणजे नेमके ५० हजार, म्हणून परतीच्या गाडीत एका वेळी नव्वद भरण्याची पद्धत पडली आहे.

आणि गंज. पुठ्ठा काढला की पहिल्याच पावसाळ्यात ग्राहकाचा फोटो येतो, पार्टवर तांबूस ठिपके. दोष क्रेटला दिला जातो. नीट बघितलं तर कारण बहुतेक वेळा वॉशिंगमध्ये सापडतं. पार्ट ६० अंशांच्या पाण्यात धुऊन, हवा मारून, गरम असतानाच व्हीसीआय पिशवीत घालून तोंड बंद केलं जातं. रात्री शेड थंड होते, पिशवीत अडकलेली दमट हवाही थंड होते, आणि पिशवीच्या आतून दव धरतं. थेंब जिथे टेकतो तिथे सकाळी ठिपका. पूर्वी हेच होत होतं, पण थोडं पाणी पुठ्ठा पिऊन टाकत होता. उपाय साधा आहे: धुतल्यावर पार्ट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत जाळीवर ठेवायचे, हाताला गार लागले की पिशवीत घालायचे, आणि उघड्या हाताने उचलायचे नाहीत. व्हीसीआय पिशवी पुन्हा वापरता येते, पण तिच्यातला वाफाळणारा पदार्थ संपत जातो. पिशवीच्या कोपऱ्यावर मार्करने फेरे मोजायचे आणि तीन-चार फेऱ्यांनंतर बदलायची.

निर्यातीच्या मालाला मात्र लाकूड सुटत नाही. हॅम्बुर्गहून क्रेट कोण परत पाठवणार? तिथे आयएसपीएम-१५ या लाकडाच्या कीडमुक्तीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का असलेलं, गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं लाकूडच वापरावं लागतं. बचत करायची तर एवढीच, की पेटीचं माप पॅलेटवर बरोबर बसेल असं ठेवायचं.

कूलंटचा विषय फाइलमध्ये एका ओळीत येतो, "घातक कचरा, लिटर". शॉपमध्ये तो आठवडाभर पुरतो. आठ मशिनांच्या टाक्या दोनशे-दोनशे लिटरच्या धरल्या आणि दर तीन महिन्यांनी बदलल्या, तर वर्षाला ६,४०० लिटर खराब कूलंट. त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, आणि त्याच पाण्याची वाहतूक आणि विल्हेवाट आपण पैसे देऊन करतो. टाकी सहा महिने चालली तर हे निम्म्यावर येतं. ती चालत नाही याला तीन कारणं. पहिलं, पाण्यात तेल किती टक्के आहे ते कुणी मोजत नाही. रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, त्याचं रीडिंग डब्यावरच्या गुणकाने गुणावं आणि ६ ते ८ टक्क्यांत ठेवावं. पीएच ८.५च्या खाली उतरला की वास आणि गंज दोन्ही आलेच समजा. दुसरं, पाणी. बोअरचं पाणी जड असलं की पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. महिन्या-दोन महिन्यांत तेलाचा साबण होऊन टाकीच्या भिंतीला चिकट थर धरतो. टॉप-अपला आरओचं पाणी, आणि तेही कोरं नको, १-२ टक्क्यांचं पातळ मिश्रण घालायचं. मिसळताना पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी कधीच नाही. तिसरं कारण रविवार. मशिनच्या सरकपट्ट्यांचं (स्लाइडवेचं) तेल टाकीत उतरून वर साय धरतं, मशिन बंद असल्याने खाली हवा पोचत नाही, आणि हवा नको असलेले जंतू वाढतात. सोमवारी सकाळी सडक्या अंड्याचा वास येतो तो यामुळे. शनिवारी संध्याकाळी साय काढायची आणि मत्स्यालयाला लावतात तो छोटा हवेचा पंप दोन दिवस टाकीत सोडून ठेवायचा. हा पंप कुठल्याही ऑडिटरला दाखवण्यासारखा नाही, पण काम चोख करतो.

काढलेलं तेल घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत ५.१ या वर्गात मोडतं. ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही, नोंद फॉर्म ३ मध्ये, देताना फॉर्म १०चं मॅनिफेस्ट, आणि वार्षिक विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत. कचरा फक्त प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकृत केलेल्या रिसायकलरलाच द्यायचा, आणि त्याच्या परवान्याची तारीख दर वेळी बघायची. संपलेल्या परवान्यावर दिलेलं तेल ऑडिटमध्ये आपल्याच अंगावर येतं. पिंपं उंचवट्यावर आणि कठडा बांधून ठेवा. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात कसं शिरलं ते बडोद्यात कुणाला सांगायला नको, आणि अर्धं भरलेलं पिंप पाण्यावर तरंगतं.

हवेच्या गळतीला पैसे जवळजवळ लागत नाहीत, एक रविवार लागतो. सगळी मशिनं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवायचा. लाइन भरली की तो अनलोड होतो, गळतीने दाब उतरला की पुन्हा लोड होतो. घड्याळ लावून दोन्ही मिनिटं पाच-सहा फेरे मोजायची. लोड दीड, अनलोड साडेतीन, तर दीड भागिले पाच, ३० टक्के हवा नुसती गळते आहे. व्हीएफडी (वेग आपोआप कमी-जास्त करणाऱ्या) कॉम्प्रेसरला हे गणित चालत नाही. तीन मिमीचं एक भोक ७ बारला सुमारे तीन किलोवॅट खातं. साबणाचं पाणी घेऊन फिरलं की बहुतेक फेस क्विक कपलरवर आणि एफआरएलच्या (हवा गाळणाऱ्या फिल्टरच्या) बाउलवर दिसतो.

हे सगळं आपल्या चार भिंतींतलं. साखळीत खरी अडचण आहे ती भिंतीबाहेर, जॉबवर्कला. आमच्यासारख्याकडून माल झिंक प्लेटिंगला, म्हणजे जस्ताचा मुलामा द्यायला, प्लेटरकडे बाहेर जातो, आणि ग्राहकाच्या फाइलमधला सगळ्यात टोचणारा प्रश्न तिथला असतो: हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) आहे का? आरओएचएस या युरोपच्या घातक पदार्थांवरच्या नियमाच्या मर्यादेप्रमाणे ०.१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. झिंकवरचं जुनं पिवळं पॅसिव्हेशन (गंज रोखणारा वरचा थर) हेक्झाव्हॅलंट असतं. ट्रायव्हॅलंट (क्रोमियमचं कमी घातक रूप) वापरा म्हटलं की प्लेटर विचारतो, "साहेब, तुमच्या दोनशे किलोसाठी मी अख्खी लाइन बदलू?" त्याचं बरोबर आहे. मोठा ग्राहक आपल्यावर दाब आणू शकतो, कारण आपल्या धंद्याचा मोठा भाग त्याच्याकडून येतो. प्लेटरकडे आपण पन्नासातले एक. हरित पुरवठा साखळीवरच्या बोलण्यात ही पायरी बहुतेक जण गाळतात: दाब खाली उतरताना प्रत्येक पायरीवर पातळ होत जातो.

दाब नाही, तर मग त्याच्याच खर्चात फायदा दाखवावा लागतो. हेक्झाव्हॅलंटचं धुवण तो सरळ सोडू शकत नाही. सांडपाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. त्याला आधी आम्ल घालून पीएच ३च्या खाली आणावा लागतो, सोडियम मेटाबायसल्फाइट घालून हेक्झाचं ट्राय करावं लागतं, मग चुना किंवा कॉस्टिक घालून पीएच ८-९ला नेऊन गाळ बसवावा लागतो. ट्रायव्हॅलंटमध्ये पहिल्या दोन पायऱ्याच जातात. आम्ल, मेटाबायसल्फाइट आणि एक टाकी वाचते. ही चार आकडी बचत कागदावर मांडून दाखवली की तो ऐकायला बसतो. त्याबरोबर सांगायची दुसरी गोष्ट म्हणजे रॅक हौदातून वर काढल्यावर दहा सेकंद तिथेच थांबवा. हौदाचं रसायन हौदातच ठिबकतं, पुढच्या धुण्याच्या पाण्यात जात नाही. धुण्याच्या तीन टाक्या असतील तर स्वच्छ पाणी शेवटच्या टाकीत सोडून उलट दिशेने पहिलीकडे आणायचं. पाणी खूपच कमी लागतं, आणि याला एक पाइप आणि एक दुपार पुरते.

ट्रायव्हॅलंटला स्वतःची खोड आहे, तीही त्याला आधीच सांगावी, नाहीतर पहिली लॉट बिघडल्यावर तो जुन्यावर परत जातो. जुनं पिवळं दहा-पंधरा सेकंदांत चढायचं. हे जास्त वेळ मागतं, पीएच २च्या आसपास घट्ट धरावा लागतो, काही रसायनांना हौद कोमट ठेवावा लागतो. आणि लोखंडाला ते फार हळवं आहे. बॅरलमधून निसटलेले दोन-चार पार्ट हौदाच्या तळाशी पडून राहिले की ते विरघळतात, हौदात लोखंड वाढतं, निळसर चमक पिवळट होते आणि सॉल्ट स्प्रेत (मिठाच्या फवाऱ्याच्या गंज-चाचणीत) पांढरा गंज लवकर येतो. रोज संध्याकाळी लोहचुंबक फिरवून तळ साफ करायचा. सांडपाण्यातही सांभाळायचं: यातली सेंद्रिय रसायनं झिंकला पकडून ठेवतात, म्हणून हे धुवण झिंकच्या धुवणात मिसळलं तर झिंक नीट खाली बसत नाही. दोन ओघ वेगळे ठेवायचे.

सगळं जमलं तरी पहिली लॉट ग्राहकाच्या इनवर्डला अडकू शकते, कारण ड्रॉइंगवर "यलो झिंक" छापलेलं असतं आणि इन्स्पेक्टरला निळसर पार्ट दिसतो. पर्यावरण विभागाने मागितलेला बदल क्वालिटी विभागाने नाकारला, असा हा प्रकार. माल पाठवण्याआधी ड्रॉइंगची टीप बदलून घ्या, नुसत्या मेलवर विसंबू नका, रिव्हिजन नंबर वाढलेला बघा.

दोनशे किलोचा प्रश्न तरी राहतोच. त्याला सापडलेला मार्ग असा, की आसपासच्या चार-पाच शॉप्सनी आपला ट्रायव्हॅलंटचा माल मंगळवारी आणि शुक्रवारीच द्यायचा. एकेकाचे दोनशे किलो मिळून टनभर होतात, एक हौद त्या दिवशी पूर्ण वेळ चालतो, आणि सॉल्ट स्प्रेची चाचणी सगळ्यांची मिळून एकदाच होते. तोटा म्हणजे लॉट मिसळण्याची भीती. प्रत्येकाच्या बॅरलला तारेने बांधलेला प्लास्टिकचा बिल्ला लागतो, ॲल्युमिनियमचा पिकलिंगच्या आम्लात विरघळतो. टेम्पोही मग एकच फिरतो, चार अर्धे रिकामे छोटे हत्ती फिरत नाहीत.

पैशाचं थोडक्यात. लघुउद्योगांना दर्जा आणि पर्यावरणाचं प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारच्या झेड योजनेत ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत, आणि प्रमाणपत्राच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सूट मिळते. ब्राँझची तयारी करताना निम्मे कागद ग्राहकाच्या फाइलला तसेच लागू पडतात, म्हणून आधी ते करावं. पण ब्राँझ दाखवलं की ग्राहक भाव वाढवून देईल, अशी आशा धरू नये. आजवर भाव वाढल्याचं आमच्या ओळखीच्या कुणी सांगितलेलं नाही. उलट क्रेटचे अडीचशे नग आपल्या पैशाने घ्या म्हणणाऱ्या ग्राहकाचं पेमेंट नव्वद दिवसांनी येतं, आणि लघुउद्योगांचा एमएसएमईडी कायदा २००६पासून ४५ दिवस सांगतो आहे. फाइलमध्ये "शाश्वत खरेदी" असा टॅब असतो. त्यात पेमेंटच्या दिवसांचा रकाना मात्र नसतो.

राहिला शेवटच्या टॅबमधला प्रश्न, तुम्ही तुमच्या पुरवठादारांना हेच विचारता का. साठ प्रश्नांची एक्सेल प्लेटरला पाठवली तर ती उघडलीच जात नाही. त्याला गुजरातीत छापलेला एक कागद दिलेला बरा. त्यावर सात प्रश्न: जीपीसीबीच्या (गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) संमतीची मुदत कधी संपते, महिन्याला पाणी किती टँकर, मेटाबायसल्फाइटच्या गोण्या किती, गाळ किती किलो आणि कुणी नेला, ट्रायव्हॅलंटचा हौद शेवटचा कधी बदलला, पीएच मीटर कॅलिब्रेट कधी केला, आणि आमच्या मालात मागच्या महिन्यात परत किती आलं. गोण्यांचा आकडा तो चटकन सांगतो, कारण त्याचे पैसे त्याने स्वतः दिलेले असतात.